बदली तास आणि बंद दार

चि. …, अनेक आशीर्वाद.

शाळेत समुपदेशक म्हणून रुजू होऊन महिना होत नाही तोच मुख्याध्यापक तुला गैरहजर शिक्षकांच्या बदली तासांना पाठवू लागले, म्हणून तू चिडली आहेस. चीड रास्त आहे. पण त्यांना समुपदेशनच नको आहे, असं इतक्यात ठरवू नकोस. वेळापत्रकात ज्याचं नाव नाही तो त्यांना रिकामा दिसतो, एवढंच. तूच आठवड्याचं वेळापत्रक आखून त्यांच्या टेबलावर ठेव. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. ते माहीत असू दे, पण पहिल्याच भेटीत कायदा काढू नकोस.

खरी कसोटी स्टाफरूममध्ये आहे. ‘या मॅडम पोरांना लाडावून ठेवतात’ हे कानावर येईलच. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्याला एका मुलासोबत अर्धा तास बसणं चैनीचं वाटतं, आणि त्यात त्यांचं फार चुकत नाही. म्हणून कुणी मूल पाठवलं की आठ दिवसांत वर्गशिक्षकांना काहीतरी परत सांग. मूल काय बोललं ते नव्हे, तर वर्गात काय करून बघता येईल ते: पुढच्या बाकावर बसवा, काही दिवस सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका. फरक दिसला की तेच शिक्षक पुढचं मूल वेळेत पाठवतात. चहाच्या वेळी ‘काय म्हणाला हो तो?’ असं विचारलं, तर चहाचंच कौतुक करावं.

दंगा केला की ‘जा मॅडमकडे’, हे मात्र चालू देऊ नकोस. मग तुझी खोली शिक्षेची होते आणि आतल्या आत कुढणारं मूल तिकडे फिरकत नाही. ‘सगळं माझ्यापाशीच राहील’ असंही वचन देऊ नकोस. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका दिसला तर घरी सांगावंच लागतं. हे मुलांना आधीच, सोप्या शब्दांत सांग.

पालक ‘आमचा मुलगा वेडा आहे का?’ म्हणत येतील. वहीतून चिठ्ठी पाठवू नकोस, ती अख्खा बाक वाचतो. फोन कर, आणि वडिलांनाही बोलाव. नाहीतर आई एकटी येते आणि घरी जाऊन बोलणीही तीच खाते.

वेळापत्रकाचा खर्डा आधी मला पाठव. नोंदी लिहायला रोज थोडा वेळ राखून ठेवलास ना, तेवढं बघते.