पन्हाळा आणि खिद्रापूर एका दिवसात? नको!

पहिल्यांदा येणारे हमखास हीच चूक करतात. पन्हाळा कोल्हापूरच्या वायव्येला, खिद्रापूर पूर्वेला पार कृष्णाकाठी. दोन दिवस ठेवाच.

पन्हाळ्यावर गाडीतून पॉइंट मोजत फिरू नका. तीन दरवाजा, अंधारबाव (पायऱ्यांची जुनी विहीर) आणि अंबरखाना (धान्याची कोठारं), एवढंच निवांत बघा. अंधारबावीच्या पायऱ्या ओल्या असतात, म्हणून चांगली पकड असलेले बूट घाला.

खिद्रापूरला कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात, म्हणजे पुढच्या खुल्या मंडपात, गोल उघड्या छताखालच्या शिळेपाशी थांबून वर बघा. भोवती बारा खांब, वर मोकळं आभाळ! मग बाहेर येऊन भिंतीच्या तळाशी रांगेने कोरलेले हत्ती बघा. कोरीवकामाला हात मात्र लावू नका.

जोतिबाजवळची पोहाळ्याची लेणी पुढच्या खेपेला. तेव्हा बॅटरी लागेल.