वाचकांचे प्रश्न : सोप्रानोला पट्टी बदलता येत नाही

ऑपेरात गाणाऱ्या सोप्रानो गायिकांच्या व्यवसायाबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

मी हिंदुस्थानी गायन शिकते. सोप्रानो म्हणजे उंच पट्टीत गाणारी बाई, एवढंच ना? माइक नसताना साठ-सत्तर वाद्यांवरून आवाज पोचतो कसा? आणि शब्द एकही का कळत नाही?
– एक वाचिका, मिरज

उंच गाता येणं ही फक्त पहिली अट. पेटीवर मध्य सप्तकातली पांढरी एक 'सा' धरा. सोप्रानोचा पल्ला साधारण तिथून अतितार षड्जापर्यंत, म्हणजे दोन सप्तकं. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधली (१७९१) रात्रीची राणी त्याही वर, अतितार मध्यमाला जाते. मोझार्टने ती भूमिका आपल्या मेहुणीसाठी, योसेफा होफरसाठी लिहिली, कारण तिचा गळा तिथपर्यंत जात होता.

तुम्ही तुमची काळी चार किंवा पाच घेऊन बसता, घसा बसला असेल तर अर्धी पट्टी उतरवता. ऑपेरात ही मुभा जवळजवळ नसते. सगळा वाद्यवृंद छापील स्वरांवर वाजतो. त्यामुळे पट्टी नव्हे, भूमिका निवडायची. तिथे 'किती वर जाते' यापेक्षा 'आवाज बहुतेक वेळ कुठे राहतो' याला महत्त्व असतं. त्याला तेसितुरा म्हणतात. एखादा अतितार षड्ज मारून खाली येणं सोपं, पण तार गंधार-मध्यमाच्या आसपास अर्धा तास घुटमळत राहणं घशाला फार जड जातं.

आवाज पोचण्याचं गमक जोरात नाही. वाद्यवृंदाची ताकद साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते आणि वर ओसरत जाते. सोप्रानोचा तार धैवत ८८० हर्ट्झचा, म्हणजे मूळ स्वरच गर्दीच्या वर. तोंडाची पोकळी त्या स्वराशी जुळवून घेतली की तो आपोआप मोठा होतो.

शब्द हरवतात तेही इथेच. 'ई' म्हणताना तोंडातला सर्वांत खालचा अनुनाद ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. ८८० हर्ट्झच्या स्वराला त्याचा उपयोग शून्य. म्हणून गायिका जबडा सोडते, अनुनाद वर सरकतो आणि 'ई'चा 'आ' होतो. आरशासमोर उंच स्वरावर 'ई' धरून बघा. जबडा खाली जायला लागतो, नाहीतर स्वर चिरका होतो. अतितार षड्जाजवळ सगळे स्वरवर्ण एकसारखे ऐकू येतात, याला उच्चारातला आळस म्हणू नये. रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवायची पद्धत १९८३ मध्ये टोरांटोत सुरू झाली, तिने ही अडचण बरीच सोडवली.

मुलगी सोळा वर्षांची, चर्चच्या कॉयरमध्ये गाते. बाई म्हणतात, आवाज सोप्रानो आहे. परदेशी कधी पाठवावं? तोपर्यंत काय करून घ्यावं?
– एक पालक, वसई

घाई करू नका. सोळाव्या वर्षी 'सोप्रानो' एवढंच सांगता येतं. हलका, मध्यम की भारदस्त हे पंचविशीच्या पुढे कळतं. मुंबईत वाढलेल्या, मूळ गोव्याच्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉल या संगीत महाविद्यालयात शिकल्या आणि पुढे संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी त्यांच्या आवाजासाठी अनेक रचना केल्या. पती, पियानोवादक मार्क ट्रूप यांच्यासह त्यांनी २००९ मध्ये भारतातल्या गायकांना शिकवण्यासाठी 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' सुरू केलं.

आता रोज एक तास पुरे, तोही वीस-वीस मिनिटांचे तुकडे पाडून. उरलेला वेळ पियानो, स्वरलिपीचं वाचन आणि भाषा. इटालियन आणि जर्मन हवीच, फ्रेंच नंतर. गाणं हातात आलं की आधी शब्दन् शब्दाचा अर्थ पेन्सिलीने खाली लिहायचा, मग नुसते शब्द लयीत बोलायचे, मग चाल. उलट्या क्रमाने शिकलेली चूक सुटता सुटत नाही. कॉयरमध्ये मात्र लक्ष ठेवा. मोठ्या आवाजाच्या मुलीला 'जरा दाबून गा' म्हणतात आणि घसा आवळायची सवय लागते.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश मंडळांच्या संगीत परीक्षा वाचन पक्कं करतात, पण प्रवेश ठरतो ऑडिशनवर. ब्रिटनमधल्या बहुतेक संगीत महाविद्यालयांचे अर्ज आदल्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात. बारावीच्या निकालाची वाट पाहिलीत तर वर्ष गेलं. जर्मनीत बहुतेक राज्यांत सरकारी संगीत विद्यापीठांची फी नाममात्र. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १५०० युरो पडतात.

पुढे व्यावसायिक ऑडिशनला पाच आरिया (ऑपेरातली एकट्याने गायची गाणी) तोंडपाठ लागतात, निदान तीन भाषांतल्या, त्यांत एक मोझार्टची. पहिली तुम्ही निवडायची, दुसरी समोरचे सांगतात, तीही अर्ध्यात थांबवतात. म्हणून सर्वांत अवघड आधी गाऊ नये. जी झोपेतून उठवलं तरी नीट होते ती आधी. पियानोवाल्याला द्यायचा कागद नीट हवा. झेरॉक्समध्ये पानाची खालची कड कापली जाते आणि डाव्या हाताचे मंद्र स्वर गायब होतात. तो अडखळला की गायिकाही अडखळते. पाठपोट छापून फाइलीत लावा, गाळलेल्या जागा ठळक खुणा करून दाखवा, आणि लय टाळी वाजवून नव्हे, एक ओळ हळू गुणगुणून सांगा.

मोठ्या सोप्रानोला एका प्रयोगाचे लाखो रुपये मिळतात म्हणे. खरं का?
– एक वाचक, नागपूर

आकडा लाखांत जातो, पण तो हातात राहतो मूठभर नावांच्याच. बाकीच्यांचा हिशेब असा असतो. समजा, जर्मनीत पाहुणी गायिका म्हणून प्रयोगाला ३००० युरो आणि सहा प्रयोग ठरले. एकूण १८,०००. तालमीचे सहा आठवडे बहुधा त्यातच धरलेले. एजंटचे दहा टक्के म्हणजे १८०० गेले. परदेशी कलाकाराचा कर अधिभारासह १५.८२५ टक्के, म्हणजे सुमारे २८५० जागीच कापले. दोन-अडीच महिन्यांचं भाडं ३००० आणि प्रवासाचे १००० धरा. हातात उरले साधारण ९३५०.

आता सर्दी झाली आणि दोन प्रयोग हुकले. पाहुण्या गायिकेचा नियम साधा आहे : गायलं नाही, पैसे नाहीत. १२,००० मधून तोच एजंट, तोच कर, तेवढंच भाडं. उरतात ४९०० च्या आसपास. दोन प्रयोग गेले आणि कमाई जवळजवळ निम्मी झाली.

म्हणून सुरुवातीला अनेक जणी जर्मन नाट्यगृहाची पगारी नोकरी धरतात. महिन्याचा पगार, आजारपणाची सोय आणि वर्षभरात पाच-सहा भूमिका. पण करार पुढच्या हंगामासाठी वाढवायचा नसेल तर नाट्यगृहाने ३१ ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवायचं असतं, त्यामुळे दर शरद ऋतूत सगळ्यांचं लक्ष पत्रपेटीकडे असतं. शिवाय नोकरीत 'नाही' म्हणणं कठीण. गळा हलका असला तरी पगारी सोप्रानोकडून नाट्यगृह जड भूमिकाही करून घेतं.

हा आवाज किती वर्षं टिकतो?
– एक वाचक, मडगाव

जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिसमध्ये मारिया कॅलास एकाच महिन्यात वाग्नरची ब्रुनहिल्डं आणि बेल्लिनीची एल्विरा गायल्या. एक जड पहिलवानी भूमिका, दुसरी तानांची नाजूक. ऑपेराच्या रंगमंचावरचा त्यांचा शेवटचा प्रयोग १९६५ चा, वय ४१. आवाज लवकर का गेला यावर आजही वाद आहेत. पण हे उदाहरण गिरवू नये, इतकं नक्की. मिरेला फ्रेनी हलक्या भूमिकांतून सावकाश जडकडे सरकल्या, वाद्यवृंदाचे संचालक कारायान यांनी 'तुरांदोत'ची जड भूमिका देऊ केली तेव्हा नाही म्हणाल्या, आणि सत्तराव्या वर्षी, २००५ मध्ये, शेवटची भूमिका करून थांबल्या. स्लोव्हाक सोप्रानो एडिटा ग्रुबेरोव्हा सत्तरी ओलांडूनही २०१९ पर्यंत गात होत्या.

दही, आईस्क्रीम, तिखट वर्ज्य का?
– एक वाचिका, सोलापूर

दह्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते प्रयोगानंतर रात्री साडेअकराला पोटभर जेवून लगेच आडवं झाल्याने. आम्ल वर येतं आणि सकाळी स्वरतंतू सुजलेले असतात. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, उशाकडची बाजू थोडी उंच करा. प्रयोगाच्या सुमारास ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. स्वरतंतूतली सूक्ष्म रक्तवाहिनी फुटली तर रक्तस्राव वाढतो. मेंथॉलच्या गोळ्याही टाळा. घसा बधिर झाला की आपण किती ओढतोय ते कळत नाही.