आउटलुक २०१० मधील जुनी मेल नव्या लॅपटॉपवर नेताना

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा: करसल्लागाराचे छोटे कार्यालय, विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप, त्यावर आउटलुक २०१०, स्वतःच्या डोमेनचा पत्ता पॉप पद्धतीने जोडलेला आणि आता विंडोज ११ असलेला नवा लॅपटॉप. त्यावर पुन्हा आउटलुकच घ्यावे की थंडरबर्ड हा दुसरा मेल प्रोग्रॅम, आणि इतक्या वर्षांची मेल बॅकअप घेऊन कशी न्यावी? आपण प्रोग्रॅमविषयी आधी विचारले आहे, पण मी क्रम उलटा घेतो. मेल आज प्रत्यक्ष कोठे साठलेली आहे हे कळल्याशिवाय प्रोग्रॅम निवडण्यात फारसा अर्थ नाही.

पॉप पद्धतीत प्रोग्रॅम सर्व्हरवरची मेल आपल्या संगणकावर उतरवून घेतो आणि सर्व्हरवरची प्रत ठेवायची की पुसायची हे खात्याच्या सेटिंगवर अवलंबून असते. आउटलुकमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ आणि ‘१४ दिवसांनी काढून टाका’ या दोन्ही चौकटींवर खूण बहुधा आधीपासूनच असते. ती तशीच राहिली असेल तर पंधरवड्याआधीची सर्व मेल केवळ त्या जुन्या हार्ड डिस्कवर आहे. खात्री करण्यासाठी ब्राउझरमधून वेबमेल उघडून सर्वांत जुने पत्र कोणत्या तारखेचे आहे तेवढे पाहावे. पाठवलेल्या पत्रांची गोष्ट तर याहून वेगळी आहे: आपल्यासारख्या जोडणीत ती सर्व्हरवर साठवली जात नाहीत, फक्त आउटलुकमध्येच राहतात. अशिलाला कोणती सूचना कधी पाठवली याचा पुरावा याच पत्रांत असतो, म्हणून आवक पत्रांइतकीच काळजी त्यांची घ्यावी.

हे सारे एका पीएसटी फाइलमध्ये असते. ती शोधण्यासाठी आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज आणि त्यातील डेटा फाइल्स हा विभाग उघडावा. फाइलचे नाव निवडून ‘ओपन फाइल लोकेशन’ दाबले की नेमका फोल्डर समोर येतो. यादीत एकाहून अधिक फायली दिसल्या, विशेषतः ‘अर्काइव्ह’ नावाची एखादी, तर तीही घ्यावी, कारण ऑटो-अर्काइव्हने जुनी पत्रे मुख्य फाइलमधून काढून तिकडे हलवलेली असतात आणि नेमकी तीच फाइल मागे राहून जाते. ज्यांचे खाते एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टची कार्यालयीन मेल-सेवा) पद्धतीचे आहे, किंवा आउटलुक २०१३ व त्यानंतरच्या आवृत्तीत आयमॅप (मूळ मेल सर्व्हरवरच ठेवण्याची पद्धत) वापरतात, त्यांना येथे ओएसटी फाइल दिसेल. ती उचलून दुसऱ्या संगणकावर नेण्यात काही हशील नाही, कारण ती सर्व्हरवरील मेलची त्या संगणकापुरती प्रत असते आणि दुसरीकडे थेट उघडत नाही. अशांनी एक्सपोर्टची सोय वापरून पीएसटी तयार करावी.

कॉपी करण्यापूर्वी आउटलुक पूर्ण बंद करावे. खिडकी बंद केल्यानंतरही तो कधी कधी पाठीमागे चालू राहतो, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये एकदा पाहून घ्यावे. त्यानंतर बहुतेकांची गाडी पेन ड्राइव्हपाशी अडते. ड्राइव्हमध्ये ३२ जीबी जागा मोकळी असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो आणि पेन ड्राइव्ह बिघडला असे वाटते. वास्तविक तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी एकही फाइल बसत नाही. ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला की काम होते. आउटलुक २०१० मध्ये पीएसटी ५० जीबीपर्यंत वाढू शकते, त्यामुळे ४ जीबीची मर्यादा ओलांडलेली असणे मुळीच विशेष नाही. स्वाक्षऱ्या या फाइलमध्ये नसतात. त्या ॲपडेटा या एरवी लपलेल्या फोल्डरमधील रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, सिग्नेचर्स या फोल्डरमध्ये मिळतील. पासवर्डही पीएसटीबरोबर येत नाही, तो आधी शोधून ठेवावा.

आता प्रोग्रॅम. विंडोज ११ मध्ये आधीच असलेले नवे आउटलुक आणि ऑफिसबरोबर मिळणारे क्लासिक आउटलुक हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. नव्या आउटलुकमध्ये इतर कंपन्यांच्या खात्यांची मेलही मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून जाते आणि पीएसटी हाताळण्यात ते क्लासिकच्या बरोबरीला आलेले नाही. अशिलांचे पॅन, बँक तपशील आणि विवरणपत्रे ज्या मेलमध्ये आहेत तिच्यासाठी मी ते सुचवणार नाही. क्लासिक आउटलुक किमान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. आपण ऑफिस विकत घेणारच असाल आणि आउटलुकचे कॅलेंडर व टास्क रोज वापरत असाल, तर क्लासिक घ्यावे आणि पीएसटी इम्पोर्ट न करता डेटा फाइल म्हणून सरळ उघडावी. मात्र ती डॉक्युमेंट्समध्ये ठेवू नये: विंडोज ११ मध्ये तो फोल्डर अनेकदा वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला जोडलेला असतो आणि सतत बदलणारी एवढी मोठी फाइल सिंक होताना अडचणी निर्माण करते. सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करणे बरे.

केवळ मेलच हवी असेल तर माझे मत थंडरबर्डच्या बाजूने आहे. तो विनामूल्य आहे हे कारण दुय्यम. खरे कारण असे की तो मेल एमबॉक्स या साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवतो, जे इतर अनेक प्रोग्रॅमना वाचता येते, आणि पुढच्या वेळी संगणक बदलताना प्रोफाइल नावाचा एकच फोल्डर उचलला की खाती, पत्ते, फिल्टर आणि पासवर्डही सोबत येतात. अडचण फक्त पहिल्या स्थलांतराची आहे, कारण आउटलुकमधील मेल आत घेण्यासाठी थंडरबर्डला त्याच संगणकावर आउटलुक लागते. म्हणून थंडरबर्ड आधी जुन्या डेस्कटॉपवरच बसवावा. विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ११५ आहे. आपले आउटलुक ३२-बिट असेल तर थंडरबर्डही ३२-बिटच घ्यावा आणि आउटलुक हाच डीफॉल्ट मेल प्रोग्रॅम आहे ना, ते पाहावे. इम्पोर्ट झाल्यावर थंडरबर्ड बंद करून प्रोफाइल फोल्डर नव्या लॅपटॉपवर न्यावा. जुन्या आवृत्तीचा प्रोफाइल नवी आवृत्ती विनातक्रार उघडते. उलट दिशेने मात्र जमत नाही. एक्सपोर्टची झिप फाइल करण्याची सोयही आहे, परंतु प्रोफाइल २ जीबीहून मोठा असल्यास ती चालत नाही आणि फोल्डर हातानेच कॉपी करावा लागतो.

मराठी पत्रव्यवहार असलेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. युनिकोड रुळण्यापूर्वीची पत्रे शिवाजी किंवा श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये लिहिलेली असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्यांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. मेल खराब झालेली नसते. जुन्या संगणकाच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट आणून नव्यावर बसवले की अशी बरीच पत्रे पुन्हा वाचता येतात, म्हणून जुनी डिस्क फॉरमॅट करण्याआधी ते काढून घ्यावेत.

पडताळणी जुना डेस्कटॉप जागेवर असतानाच करावी. प्रत्येक मोठ्या फोल्डरमधील पत्रांची संख्या दोन्हीकडे ताडून पाहावी, सर्वांत जुने पत्र आणि मधल्या काळातील काही जोडपत्रे प्रत्यक्ष उघडावीत, आणि मूळ पीएसटीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर तशीच ठेवावी. हे होईपर्यंत नव्या लॅपटॉपवर खात्याची मेल उतरवू नये. नंतर खाते जोडताना शक्य असल्यास आयमॅप निवडावे, म्हणजे फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे एकच मेल दिसेल; पण त्यात एका ठिकाणी पुसलेले सगळीकडून जाते, त्यामुळे महत्त्वाची पत्रे वेळोवेळी थंडरबर्डच्या लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करत जावीत. आपल्या होस्टिंगवर, म्हणजे डोमेनची मेल ठेवणाऱ्या सर्व्हरवर, आयमॅपपुरती जागा नसेल आणि पॉपच ठेवावे लागले, तर सर्व्हरवर अजून असलेली पत्रे एकदा दुबार उतरण्याची शक्यता आहे. तेवढी हाताने पुसून टाकावीत आणि जुन्या डेस्कटॉपवरील आउटलुकचे आपोआप मेल आणणे त्याच दिवशी बंद करावे, नाहीतर काही पत्रे इकडे आणि काही तिकडे अशी विभागली जातील.