दीनदयाळ उपाध्याय यांची जडणघडण कशी झाली आणि त्यांची नीती राजकारणात कुठे दिसते?

आपला प्रश्न असा आहे की, दीनदयाळ उपाध्याय यांची पार्श्वभूमी काय होती आणि त्यांच्या एकात्म मानववादातली नीती प्रत्यक्ष राजकारणात कुठे उतरलेली दिसते. माझ्या मते तिची खरी कसोटी १९६३ च्या जौनपूर लोकसभा पोटनिवडणुकीत लागली.

आदल्याच वर्षी जनसंघाने (आजच्या भाजपच्या आधीचा पक्ष) जिंकलेल्या या जागेवर पक्षाचे सरचिटणीस असलेल्या दीनदयाळजींना उभे करण्यात आले. समोर काँग्रेसचे राजदेव सिंह होते. लढतीला ठाकूर विरुद्ध ब्राह्मण असे वळण लागताच, ब्राह्मण मते एकवटण्यासाठी तुम्हीही जातीच्या नावाने साद घाला, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला. त्यांनी तो मानला नाही आणि ते पडले. त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकांत विरोधी बाजूचे कृपलानी, लोहिया आणि मिनू मसानी निवडून आले, हे ध्यानात घेतले म्हणजे हा पराभव त्यांना किती टाळता आला असता ते कळते.

सोलापुरात पूर्व भागातल्या एका घरी, निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात, माझ्यापुढे मतदार यादीचा गठ्ठा ठेवून आडनावावरून समाज ओळखून खुणा करायला सांगितले होते: लिंगायत, पद्मशाली, मराठा, धनगर, मुस्लिम, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचे पेन. चार पाने मी केली. पाचव्या पानावर माझ्याच गल्लीतली नावे आली, ज्यांच्या घरी मी लहानपणी जेवलो आहे, आणि हात पुढे सरेना. जौनपूरचा नकार किती जड असेल, हे मला त्या दिवशी उमगले.

१९१६ साली जन्मलेल्या दीनदयाळजींचे आईवडील ते लहान असतानाच गेले आणि आजोळच्या माणसांनी त्यांना वाढवले. कानपूरला शिकत असताना १९३७ मध्ये ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघात आले, १९४२ पासून प्रचारक झाले आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या जनसंघाची बांधणी त्यांनी अनेक वर्षे केली. लग्न केले नाही, स्वतःचे असे घर मांडले नाही.

एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांत त्यांनी आपला विचार, म्हणजे एकात्म मानववाद, मांडला. माणूस म्हणजे केवळ पोट नव्हे. शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा या चारांचा मेळ म्हणजे माणूस, म्हणून अर्थ आणि काम यांना धर्माची चौकट हवी, असे ते सांगत. धर्म म्हणजे पूजापद्धती नव्हे, तर समाजाची धारणा करणारे नियम, आणि बहुमतालाही ते मोडण्याचा अधिकार नाही, हा त्यांचा आग्रह होता. जौनपूरच्या नकाराची मुळे मला इथेच दिसतात, कारण मते मिळतात एवढ्यावरून साधन योग्य ठरत नाही.

मात्र याच व्याख्यानांत चातुर्वर्ण्याला त्यांनी एकाच विराट पुरुषाचे अवयव म्हटले आहे, आणि ते मला मान्य नाही. पाय आणि मस्तक परस्परांना पूरक असतात हे खरे. पण कोणी पाय व्हायचे हे जन्माने ठरू लागले की ती पूरकता पायांना अन्यायच वाटते.

आपण मूळ व्याख्याने वाचणार असाल तर चौथे आधी घ्या. त्यात प्रत्येक हाताला काम आणि यंत्र माणसाला साजेसे असावे, ही मांडणी आहे. गिरण्यांचे भोंगे बंद झालेले पाहिलेल्या आणि यंत्रमागावर चादर विणणाऱ्या सोलापूरकराला तो भाग समजून घ्यायला फारसे कष्ट पडत नाहीत.