डोळ्यांवर हेडसेट, पायाखाली ट्रेडमिल

प्रश्न : मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की अंबाझरीच्या काठावरचे माझे धावणे बंद पडते. घरी ट्रेडमिल आहे. डोळ्यांपुढे आभासी जग उभे करणारा व्हीआर हेडसेट लावून त्यावर धावावे, असे मुलगा सुचवतो. हे योग्य ठरेल काय?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : चिरंजीवांची कल्पना आकर्षक असली, तरी साध्या ट्रेडमिलवर डोळे पूर्ण झाकून धावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पट्टा दिसेनासा झाला, की पाऊल नकळत कडेला सरकते आणि तोल जायला तेवढे पुरते. शिवाय डोळ्यांना दिसणारी गती आणि अंतर्कर्णाला जाणवणारी गती यांचा मेळ बसला नाही, तर मळमळ व गरगर सुरू होते. पट्ट्याचा आणि दृश्याचा वेग जुळलेला नसला, तर हा त्रास अधिकच वाढतो. अर्ध्या किलोच्या आसपासचा हेडसेट पावलागणिक हलतो आणि भिंगांवर वाफ धरते, ते निराळेच.

कमरेला आधार देऊन गुळगुळीत तळावर पाय घसरवत चालण्याची ‘व्हर्चुइक्स ओम्नी’सारखी यंत्रे निघाली आहेत खरी, परंतु ती खेळासाठी बरी. त्यापेक्षा बुटाला सेन्सर बसवून ‘झ्विफ्ट’सारखे ॲप समोरच्या टीव्हीवर लावावे, आपल्या वेगानुसार पडद्यावरचा रस्ता सरकतो आणि पट्टाही नजरेत राहतो. ओढली जाताच पट्टा थांबवणाऱ्या सेफ्टी कीची क्लिप कपड्याला अडकवावीच. कूलर लावताना खिडकी मात्र उघडी ठेवावी, अन्यथा खोलीत दमटपणा साचून घाम वाळत नाही.