जुन्या वॅगन आरचा उजेड रात्री कमी पडतो. जास्त प्रकाशाचे कोणते बल्ब टाकावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००८ ची वॅगन आर आहे, अधूनमधून कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे करूळ घाट उतरून वैभववाडीकडे जाता, आणि रात्री डिपरवर (खाली वळलेल्या झोतावर) रस्ता जेमतेम दिसतो. दुकानदार म्हणतो १००/९० वॅटचे बल्ब टाका, मेहुणा म्हणतो एलईडी टाका. दोघांपैकी कोणाचं ऐकावं?

माझं मत विचाराल तर दोघांचंही नको. तुम्हाला हवा तो चांगल्या कंपनीचा ६०/५५ वॅटचाच बल्ब, पण तो विकत घेण्याआधी हे बघा की आत्ता लावलेल्या बल्बला पुरेसे व्होल्ट मिळतायत का. मी कराडला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. उजेड कमी म्हणून येणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये बल्बचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा वायरिंगमध्ये व्होल्ट पडतात, नाहीतर हेडलाइटची काच पिवळी झालेली असते, नाहीतर फोकस हललेला असतो. या तिन्ही गोष्टी तशाच ठेवून तुम्ही कितीही महागाचा बल्ब टाकलात तरी पैसे वाया जातात.

तुमच्या गाडीला एच४ बल्ब लागतो. एकाच काचेत दोन फिलामेंट, अप्परचं ६० वॅट आणि डिपरचं ५५ वॅट. या बल्बचा प्रकाश प्रमाणित करताना तो १३.२ व्होल्टवर मोजतात: अप्परला साधारण १६५० ल्युमेन, डिपरला १०००. आता हॅलोजनची खोड अशी की व्होल्ट थोडे घटले तरी उजेड फार घटतो. ढोबळ हिशोब सांगतो, व्होल्टमध्ये दहा टक्के घट झाली की प्रकाशात तीस टक्क्यांच्या आसपास घट होते. म्हणजे बॅटरीवर १३.९ आणि बल्बच्या होल्डरवर १२.५ असा फरक असेल, तर बल्ब अगदी नवा असूनही जवळपास एक तृतीयांश उजेड तारेतच जिरतोय. आणि जुन्या गाडीत एवढा फरक सापडणं अजिबात विशेष नाही. बॅटरीपासून निघालेला करंट फ्यूजमधून, डॅशबोर्डमागून, स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमधून फिरून मग पुढे हेडलाइटपर्यंत येतो. एवढ्या वर्षांत त्या स्विचच्या पॉइंटवर कार्बन धरतो, फ्यूजच्या क्लिपा सैल पडतात, अर्थिंगच्या बोल्टखाली गंज चढतो.

हे घरी तपासता येतं, साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. गाडी चालू करा, डिपर लावा, अॅक्सिलरेटर थोडा दाबून ठेवायला कोणाला तरी बसवा. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १३.८ ते १४.२ च्या दरम्यान आलं तर चार्जिंग ठीक. मग बल्बमागे मोजा. इथे बरेच जण फसतात: होल्डर बल्बातून काढून मोजलं तर करंट वाहतच नाही, त्यामुळे व्होल्ट पूर्ण दिसतात आणि सगळं ठीक आहे असा समज होतो. होल्डर बल्बला लावलेलाच ठेवा, दिवा पेटलेला असू द्या, आणि मागून तारेच्या बाजूने मीटरच्या पिना आत सरकवून डिपरची पिन आणि कॉमन पिन (दोन्ही फिलामेंटची सामायिक) यांच्यामध्ये मोजा. बॅटरीच्या आकड्यापेक्षा अर्धा व्होल्ट कमी आला तर चालेल. एक किंवा त्याहून जास्त कमी आला तर तुमचा उजेड कुठे गेला ते कळलं.

तेवढ्यात होल्डर काढून नीट पाहूनही घ्या. तीन भोकांपैकी एखाद्याच्या कडेचं प्लास्टिक तपकिरी झालंय का, आतली पत्री काळी-निळी पडलीय का? असेल तर ती पत्री सैल होऊन तापते आहे. त्या होल्डरमध्ये नवा बल्ब बसवण्यात अर्थ नाही, आधी होल्डर बदला. बाजारात सिरॅमिकचे मिळतात, तेच घ्या.

होल्डर आणि अर्थिंग सुधारूनही व्होल्ट पडत असतील तर इलाज एकच, रिले किट. रिले म्हणजे थोड्या करंटवर ओढला जाऊन मोठा करंट जोडणारा स्विच. दोन रिले, एक अप्परला, एक डिपरला. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला थेट बॅटरीवरून जाड तार येते, ८७ वरून ती बल्बला जाते, आणि गाडीचं जुनं वायरिंग फक्त ८५-८६ मधली कॉइल ओढायला उरतं. त्या कॉइलला करंट नावापुरता लागतो, त्यामुळे जुन्या स्विचवरचा भारच जातो. तार २.५ चौरस मिलिमीटरची असू द्या, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवून घ्या (तो लांब ठेवला तर मधली तार घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा काही उपयोग नाही), आणि अर्थिंगही नव्या तारेने सरळ घ्या, जुन्या बोल्टवर विसंबू नका. एक सावधगिरी सांगतो. काही गाड्यांत, विशेषतः जपानी आखणीच्या, हेडलाइटचा स्विच निगेटिव्ह बाजूला असतो आणि कॉमन पिनेवर कायम पॉझिटिव्ह असतं. अशा गाडीला बाजारातलं सरसकट किट लावलं की अप्परचा निळा इंडिकेटर चुकीचा लागतो किंवा रिले ओढतच नाही. म्हणून किट जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनला टेस्ट लँप लावून हे बघायला सांगा. ज्याला हा प्रश्न कळत नाही त्याच्याकडे हे काम देऊ नका.

आता दुकानदाराच्या १००/९० बद्दल. आकडा मोठा म्हणून उजेड मोठा हा हिशोब जुन्या वायरिंगवर लागू होत नाही. ६० वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर घेतात, १०० वॅटचे दोन सोळा-सतरा. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच तारेत, त्याच स्विचमध्ये जवळजवळ पावणेतीन पट उष्णता. शिवाय करंट वाढला की तारेत पडणारे व्होल्टही त्याच प्रमाणात वाढतात, त्यामुळे १०० वॅटचा बल्ब १०० वॅटने पेटतच नाही. होल्डर मात्र वितळतो. रिले लावून हा भार पेलता येतो हे खरं, पण रिफ्लेक्टरला (बल्बभोवतीच्या आरशासारख्या भागाला) आणि प्लास्टिकच्या काचेला बसणारी धग रिले कमी करत नाही. तुमच्या गाडीची काच पॉलिकार्बोनेटची आहे. जुन्या अॅम्बेसेडरसारखी खरी काच असती तरी मी नकोच म्हटलं असतं, कारण समोरच्याच्या डोळ्यांवर जाणारा झोतही त्याच प्रमाणात वाढतो.

एलईडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हल्ली सगळे तेच सुचवतात. एच४ च्या डिपर फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. तिच्यामुळे डिपरचा प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरच पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर वळतो. तुमच्या हेडलाइटचा आकार त्या बारीकशा फिलामेंटच्या जागेवरून बेतलेला आहे. एलईडीमध्ये तिथे एका पट्टीच्या दोन बाजूंना सपाट चिप्स असतात. प्रकाश येणारी जागा वेगळी, दिशा वेगळी. मिलिमीटरचा फरक झाला तरी झोत विस्कटतो. काही प्रकाश वर उडतो, तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बराचसा बॉनेटच्या पुढ्यात पडतो. आणि पुढ्यातला रस्ता लख्ख उजळला की आपल्याला वाटतं उजेड केवढा वाढला! प्रत्यक्षात डोळा त्या जवळच्या उजेडाला सरावतो आणि साठ-सत्तर मीटरवरचा, अंगावर काळी घोंगडी घेऊन कडेने चालणारा माणूस आधीपेक्षा उशिरा दिसतो. घाटात तुम्हाला गरज आहे ती नेमकी त्या लांबच्या उजेडाची.

हे सगळ्या एलईडीबद्दल नाही. कारखान्यातूनच एलईडी हेडलाइट घेऊन आलेल्या गाडीत रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्यासाठीच बनवलेली असते, ती उत्तम चालते. हॅलोजनच्या घरात एलईडी घालण्याला जर्मनीत २०२० पासून परवानगी मिळू लागली, पण तीसुद्धा ठराविक बल्ब ठराविक मॉडेलमध्ये तपासून, गाडीगणिक. आपल्याकडे दुकानात मिळणारा बल्ब तुमच्या वॅगन आरच्या रिफ्लेक्टरमध्ये कोणी तपासलेला नसतो. आणखी एक व्यवहारातली अडचण: एलईडीच्या मागचा पंखा हेडलाइटच्या रबरी टोपीत मावत नाही, मग ती कापतात किंवा काढूनच टाकतात. करूळ घाटातल्या पावसात एक मोसम काढला की रिफ्लेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं. एचआयडी (गॅसच्या बल्बच्या) किटचंही तेच, त्यावर वेगळं लिहीत नाही.

कायद्याचंही सांगून ठेवतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम म्हणतो की झोत इतका खाली वळलेला हवा की दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. विस्कटलेला झोत यात बसत नाही, मग तो कितीही वॅटचा असो.

मग घ्यायचा कोणता? फिलिप्स किंवा ओसरामचा साधा ६०/५५ वॅट एच४, वर्तुळात इंग्रजी ई अक्षर आणि शेजारी आकडा असा मान्यतेचा शिक्का असलेला. नकली माल खूप आहे, तेव्हा ओळखीच्या दुकानातून आणि पावती घेऊनच. याच कंपन्यांचे 'शंभर टक्के जास्त', 'एकशे तीस टक्के जास्त' असे बल्बही येतात, एक्स-ट्रीमव्हिजन, नाइट ब्रेकर वगैरे. ते ६०/५५ वॅटचेच असतात, वायरिंगवर जादा भार नाही, आणि फरक डोळ्यांना दिसतो. पण ती टक्केवारी बल्बच्या एकूण प्रकाशाची नसते. रस्त्यावरच्या ठराविक बिंदूंवर, नियमाने ठरवलेल्या किमान प्रकाशाच्या तुलनेत ती सांगितलेली असते. यांचं फिलामेंट आखूड आणि जास्त तापलेलं असतं, म्हणून आयुष्यही बरंच कमी. तुम्ही रोज रात्री गाडी चालवत नसाल तर हे जरूर घ्या, एक जुना चालू बल्ब डिकीत ठेवा. निळसर काचेचे, 'सुपर व्हाइट' लिहिलेले मात्र घेऊ नका. निळा लेप प्रकाशातला काही भाग अडवतो, त्यामुळे दिसायला पांढरा आणि रस्त्यावर कमी.

बल्ब जोडीने बदला. बल्बच्या काचेला बोट लावू नका. बसवताना त्याच्या कडीचे तीन कान खाचांत नीट बसले पाहिजेत, ते एकाच पद्धतीने बसतात. मग स्प्रिंग क्लिप लावा. घाईत वाकडा बसवलेला बल्ब फोकसची वाट लावतो.

हेडलाइटच्या काचेसाठी एक सोपी परीक्षा आहे. रात्री भिंतीसमोर डिपर लावून काचेवर तांब्याभर पाणी ओता. ओली असताना झोत एकदम स्पष्ट झाला, तर काच वरून खरखरीत झाली आहे आणि घासून सुधारेल. रंगाला मास्किंग टेप लावा, पाणी मारत आधी ८०० चा, मग १५०० चा, मग २००० चा वॉटर पेपर, शेवटी रबिंग पॉलिश. त्यावर यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) रोखणारा क्लिअर कोट मारायलाच हवा, नाहीतर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी. टूथपेस्टने होतं ते थोडेच दिवस टिकतं. आतला रिफ्लेक्टर टॉर्चने बघा. बल्बच्या वरच्या बाजूला राखाडी, जळका डाग असेल तर अख्खा हेडलाइट बदलणं हाच मार्ग. तो फडक्याने पुसू नका, अॅल्युमिनिअमचा थर इतका पातळ असतो की फडक्याबरोबरच निघून येतो.

शेवटी फोकस. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी कोणीतरी बसलेलं, गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर. बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारा. डिपरची वरची कड त्या खुणेच्या १० सेंटिमीटर खाली यायला हवी, आणि डाव्या हाताला ती किंचित वर चढलेली दिसली पाहिजे. गावी जाताना मागे माणसं आणि सामान भरून नेत असाल तर गाडीचं नाक वर उठतं, अशा वेळी फोकस भरलेल्या गाडीवर तपासा.

पावसाळ्यात गगनबावड्याच्या धुक्यात अप्पर लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे डिपर आणि वेग कमी, दुसरा उपाय नाही. पुढची काच आतून ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसून घ्या, आतला तेलकट थर समोरच्या दिव्यांत फार पसरतो. आणि वय पन्नाशीपुढे असेल तर डोळे एकदा तपासून घ्या. मोतीबिंदूची सुरुवात झालेली असली की रात्रीच्या गाडीतच ती आधी जाणवते.

मल्टिमीटरचे दोन आकडे, बॅटरीवरचा आणि होल्डरवरचा, मोजून खाली लिहा. दोन्ही हेडलाइटचे वेगवेगळे मोजा. त्यावरून रिले किट लागेल की नुसता होल्डर आणि अर्थिंग करून भागेल ते सांगतो.