तासातासाचे वेळापत्रक कुठे हवे?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचे छोटे वर्कशॉप आहे. लेथ आणि ड्रिलिंगची सोय पुरेशी आहे. परंतु व्हीएमसी (संगणक-नियंत्रित उभे मिलिंग यंत्र) एकच असून सर्व ऑर्डरींचे भाग त्यावरूनच जातात. मी दोन महिन्यांचे वेळापत्रक प्रत्येक जॉबच्या प्रत्येक टप्प्यासह तासातासाने एक्सेलमध्ये मांडतो, पण आठवड्याच्या मध्यावरच ते कोलमडते. नियोजन किती बारकाईने करावे? सॉफ्टवेअर घेतल्यास उपयोग होईल का?
– एक लघुउद्योजक, पुणे

उत्तर : ज्या साधनासाठी कामे एकमेकांच्या आड येतात, तेथेच बारकाईने आखणी करावी. आपल्याकडे ते साधन व्हीएमसी आहे. त्यावर जॉब कोणत्या क्रमाने चढवायचे, एकाच फिक्स्चरवरचे (यंत्रावर भाग घट्ट धरणाऱ्या साधनावरचे) कोणते जॉब लागोपाठ घेतल्यास सेटिंगचा वेळ वाचेल, प्रोग्राम आणि टूल कोणी व केव्हा तयार ठेवायचे, हे शिफ्टनिहाय लिहिलेले असावे. लेथ सहज मोकळे मिळत असेल, तर तेथील तास मांडल्याने कोणाचाही निर्णय बदलत नाही. अमुक भाग मंगळवारपर्यंत व्हीएमसीपाशी पोहोचले पाहिजेत, एवढी नोंद पुरते. हीट ट्रीटमेंटसाठी बाहेर जाणाऱ्या मालाचीही केवळ पाठवण्याची आणि परत येण्याची तारीख धरावी.

ही शिफ्टनिहाय आखणी येत्या आठवड्यापुरतीच ठेवावी. त्यापुढील आठवड्यांसाठी व्हीएमसीचे उपलब्ध तास आणि ऑर्डरींना लागणारे तास यांची आठवडावार तुलना करावी. ग्राहकाचे ड्रॉइंग किंवा कच्चा माल अद्याप हाती आलेला नसताना सहा आठवड्यांनंतरची अमुक वाजताची वेळ लिहिणे, हा माझ्या मते निव्वळ श्रमाचा अपव्यय आहे.

उपलब्ध तास मोजताना साप्ताहिक सुट्टी व देखभाल वजा करावीच, शिवाय उरलेले सर्व तास भरू नयेत. आपले वेळापत्रक कोलमडण्याचे मुख्य कारण येथेच असावे, असे मला वाटते. कामे अनियमितपणे येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त होत असेल, तर रांगांच्या गणिताच्या सर्वांत साध्या प्रारूपानुसार यंत्र ८० टक्के व्यग्र असताना जॉबला सरासरी यंत्रवेळेच्या ४ पट थांबावे लागते आणि ९० टक्क्यांवर तीच प्रतीक्षा ९ पट होते. आपल्या वर्कशॉपमध्ये नेमके हेच आकडे येतील असे नाही, तरीही शेवटच्या काही तासांची किंमत किती वेगाने वाढते, हे त्यावरून लक्षात यावे.

सॉफ्टवेअर घेण्यास हरकत नाही, मात्र एक गोष्ट आधी तपासून घ्यावी. प्रकल्प-नियोजनाची बरीच सॉफ्टवेअर १९५० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेल्या क्रिटिकल पाथ पद्धतीवर आधारलेली असतात आणि तिचे मूळ गणित कोणते काम कोणत्या कामानंतर, एवढेच पाहते. दोन जॉब एकाच वेळी एकच यंत्र मागत आहेत, याचा विचार त्यात नसतो. म्हणून व्हीएमसीची क्षमता मर्यादित धरून सॉफ्टवेअर जॉब आपोआप पुढे सरकवते का, हे विक्रेत्याकडून आपल्याच चालू ऑर्डरींवर करून दाखवून घ्यावे.